बोलणाऱ्याची बोरं आणि खेळाडूंची कार्डं : 'हवा' आणि किंमत यांचा एक पाठ



आजचा पाठ पाठ्यपुस्तकातला नाही. तो माझ्या वर्गात मधल्या सुट्टीत सुरू झाला आणि त्याचा शेवट करायला मला चार तास लागले. तुमच्याही वर्गात, तुमच्याही घरात हा विषय कधीतरी येणार, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

सातवीच्या वर्गातल्या एका मुलाची आई शाळेत आली. मुलाने वाढदिवसाला आजीने दिलेले तीनशे रुपये आणि नवी कंपासपेटी देऊन मित्राकडून क्रिकेटपटूचं एक चमकणारं कार्ड घेतलं होतं. पुठ्ठ्याचं, तळहाताएवढं. आई म्हणाली, "बाई, पैसे गेले त्याचं एक वेळ सोडा. पण हा म्हणतो, पुढच्या वर्षी याचे पाच हजार येतील, मग आजीला चष्मा घेऊ. याला काय सांगू?"

मी कार्ड देणाऱ्या मुलाला बोलावलं. मनात राग होताच. पण तो शांतपणे म्हणाला, "बाई, मी खोटं नाही बोललो. व्हिडिओत सांगितलंय, हे कार्ड पाच हजारला जाणार."

"व्हिडिओ कोणी केलाय?"

"एक दादा आहे. त्याच्याकडे अशी वीस कार्डं आहेत."

हे उत्तर ऐकलं आणि माझा राग गेला. त्या मुलाने फसवलं नव्हतं, तो स्वतःच फसला होता. ज्याच्याकडे वीस कार्डं आहेत तोच त्या कार्डाचा भाव सांगतो आहे, यात काही गडबड आहे हे त्याच्या लक्षातच आलं नव्हतं. आपल्याकडे म्हण आहे, बोलणाऱ्याची बोरं विकतात. आजचा पाठ याच म्हणीचा.

१. पुठ्ठ्याच्या तुकड्याला किंमत येते कुठून?

आपल्या पिढीने काडेपेटीचे छाप जमवले, कुणी तिकिटं जमवली, नंतरच्या मुलांनी कुस्तीगीरांची ट्रम्प कार्डं जमवली. अमेरिकेत हाच छंद बेसबॉलच्या कार्डांचा आहे आणि तो शंभर वर्षांहून जुना आहे. तिथे त्याचा मोठा बाजार झाला. म्हणून किंमत कशी चढते आणि कशी पडते, हे शिकायला तिथली उदाहरणं फार चांगली.

कार्डाची किंमत साधारण चार गोष्टींवर ठरते.

- खेळाडू कोण आहे
- अशी कार्डं किती आहेत
- कार्डाची अवस्था कशी आहे (कोपरे, कडा, चकाकी)
- त्या कार्डाभोवती कोणती गोष्ट सांगितली जाते

पहिल्या तीन गोष्टी तपासता येतात. चौथी तपासता येत नाही, ती फक्त ऐकता येते. आणि 'हवा' केली जाते ती नेमकी इथे.

२. वॅगनरचं कार्ड : खरी टंचाई, आणि तरीही लबाडी

१९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनी सिगारेटच्या पाकिटात बेसबॉलपटूंची कार्डं घालत असे. त्यात पिट्सबर्ग पायरेट्सचा होनस वॅगनर हा मोठा खेळाडू होता. त्याने आपलं कार्ड छापायला हरकत घेतली आणि छपाई लवकर थांबली. तंबाखूसोबत आपलं चित्र मुलांच्या हाती जाऊ नये म्हणून, असं काही जण सांगतात. मोबदल्यावरून, असं काही जण सांगतात. कारण कोणतंही असो, आज त्याची जेमतेम पन्नास-साठ कार्डं शिल्लक आहेत. म्हणजे टंचाई खरी आहे. २०२२ मध्ये त्यातलं एक ७२ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं.

आता याच प्रकारातल्या दुसऱ्या एका कार्डाचा प्रवास पाहा. फळ्यावर लिहायला उत्तम आहे.

- १९८५ : २५,००० डॉलर
- १९८७ : १,१०,००० डॉलर
- १९९१ : ४,५१,००० डॉलर (घेणाऱ्यांत आइस हॉकीचा प्रसिद्ध खेळाडू वेन ग्रेट्झ्की)
- २००७ : २८ लाख डॉलर

ग्रेट्झ्कीसारखं नाव जोडलं गेलं आणि कार्डाला नवी गोष्ट मिळाली. लोक त्याला 'ग्रेट्झ्कीचं वॅगनर' म्हणू लागले. कार्डं तपासून दहापैकी गुण देणारी पीएसए ही कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने तपासलेलं पहिलं कार्ड हेच, आणि त्याला ८ गुण मिळाले. इतकं जुनं कार्ड आणि कडा इतक्या सरळ, याचं सगळ्यांना नवल वाटायचं.

२०१३ मध्ये त्या नवलाचा उलगडा झाला. १९८५ मध्ये ते कार्ड घेणारा बिल मॅस्ट्रो पुढे मोठा लिलाववाला झाला होता. त्याने न्यायालयात कबूल केलं की कार्डाच्या कडा आपण कापून सरळ केल्या होत्या. शिवाय आपल्या लिलावांत भाव चढवण्यासाठी खोट्या बोली लावल्या जात, हेही त्याने मान्य केलं. २०१५ मध्ये त्याला २० महिन्यांची शिक्षा झाली.

खोटी बोली म्हणजे काय, हे मुलांना आठवडी बाजाराच्या उदाहरणाने लगेच कळतं. विकणाऱ्याचाच माणूस गिऱ्हाईक बनून उभा राहतो आणि "मी पाचशे देतो" म्हणतो. त्याला घ्यायचं काहीच नसतं. शेजारच्या खऱ्या गिऱ्हाइकाने सहाशे म्हणावं, एवढंच त्याचं काम.

३. मॅन्टलचं कार्ड : समुद्रात टाकलेला माल

१९५२ मध्ये टॉप्स कंपनीने बेसबॉलची कार्डं काढली. त्यांचा शेवटचा भाग हंगाम संपता संपता बाजारात आला, तेव्हा मुलांचं लक्ष फुटबॉलकडे गेलं होतं. माल पडून राहिला. कंपनीचे साय बर्जर यांनी पुढे स्वतःच सांगितलं, की १९६० मध्ये ती न विकलेली खोकी बोटीत भरून त्यांनी अटलांटिक समुद्रात टाकून दिली. त्यात मिकी मॅन्टल या खेळाडूची कार्डं होती.

त्याच मालिकेतलं, वाचलेलं एक मॅन्टलचं कार्ड १९९१ मध्ये ५०,००० डॉलरला विकलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये तेच कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. आपल्या हिशेबाने सुमारे १०० कोटी रुपये!

इथे मुलांना एक प्रश्न जरूर विचारा : "हे मॅन्टलचं पहिलं कार्ड होतं का?" सगळे 'हो' म्हणतील. पण नाही. त्याचं पहिलं कार्ड १९५१ मध्ये बोमन कंपनीने काढलं होतं, आणि पदार्पणाचं कार्ड सगळ्यांत मौल्यवान असा या छंदातला सर्वसाधारण नियम आहे. तरी १९५२ चं कार्ड कितीतरी महाग. ते आकाराने मोठं आहे, चित्र सुंदर आहे, आणि त्याला समुद्राची गोष्ट आहे. १९५१ च्या कार्डाला तशी गोष्ट नाही.

म्हणजे गोष्टीलाही किंमत असते. ती नेहमी खोटी असते असं नाही. पण ती कार्डाच्या पुठ्ठ्यात नसते, लोकांच्या डोक्यात असते, हे मुलांना सांगायलाच हवं.

४. "जपून ठेव, पुढे सोनं होईल"

१९८० पर्यंत अमेरिकेत बेसबॉल कार्डांवर टॉप्सचीच जवळजवळ मक्तेदारी होती. न्यायालयाच्या निकालानंतर १९८१ मध्ये फ्लीअर आणि डॉनरस बाजारात उतरल्या, मग आणखी कंपन्या आल्या. भाव छापणारी पुस्तकं आणि मासिकं घराघरांत पोचली. जुनी कार्डं हजारोंना विकली जातात अशा बातम्या येत होत्या. लोकांना वाटलं, आपणही घेऊन ठेवावीत. आई-वडिलांनी मुलांच्या शिक्षणासाठी म्हणून न उघडलेली खोकी माळ्यावर ठेवली.

चूक कुठे झाली? जुनी कार्डं महाग होती, कारण ती कुणी जपली नव्हती. मुलांनी ती सायकलच्या चाकात अडकवली, आयांनी रद्दीत टाकली. नवी कार्डं मात्र सगळ्यांनीच जपली, आणि कंपन्यांनी मागणी बघून ती भरमसाट छापली. जी वस्तू सगळ्यांकडे आहे आणि सगळ्यांनी जपली आहे, ती दुर्मीळ होणार कशी? १९९० च्या दशकात बाजार कोसळला. त्या काळातली बहुतेक कार्डं आजही मातीमोल आहेत. तिथले लोक त्या काळाला सरळ 'कचरा कार्डांचा काळ' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात.

त्याच काळातली ब्रायन टेलरची गोष्टही सांगावी. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यँकीज संघाने या तरुण गोलंदाजाला सर्वांत आधी निवडलं आणि करारासाठी साडेपंधरा लाख डॉलर दिले. मोठ्या स्पर्धेत एक चेंडूही टाकला नव्हता, पण 'उद्याचा महान खेळाडू' म्हणून त्याची कार्डं लोकांनी धडाधड घेतली. १९९३ च्या डिसेंबरमध्ये एका भांडणात त्याच्या खांद्याला दुखापत झाली. तो मुख्य स्पर्धेत कधीच खेळू शकला नाही. कार्डं घेणाऱ्यांचे पैसे बुडाले हे खरं, पण त्या मुलाच्या खांद्यावर किती लोकांच्या आशांचं ओझं होतं, याबद्दलही वर्गात बोलावं असं मला वाटतं.

५. आपल्या डोळ्यांसमोरचं उदाहरण

२०२० मध्ये टाळेबंदीत लोक घरी बसले होते. त्याच वेळी बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनवरची माहितीपट मालिका आली. १९८६ साली फ्लीअरने काढलेल्या त्याच्या कार्डाची मागणी भडकली. जानेवारी २०२१ मध्ये दहापैकी दहा गुणांची अशी दोन कार्डं प्रत्येकी ७ लाख ३८ हजार डॉलरला गेली. वर्ष संपायच्या आतच भाव अडीच लाखांच्या खाली आला.

कार्ड बदललं का? नाही. जॉर्डनचे विक्रम बदलले का? नाही. दहापैकी दहा गुणांची अशी कार्डं तीनशेहून अधिक आहेत, हे तर आधीपासून जाहीर होतं. बदललं ते फक्त लोकांचं बोलणं. त्या वर्षी वेडाची हद्द अशी झाली की मे महिन्यात विस्कॉन्सिनमधल्या एका दुकानाबाहेर कार्डांवरून मारामारी झाली आणि 'टार्गेट' या साखळीने दुकानांतली कार्डविक्री काही काळ थांबवली.

६. हवा कशी केली जाते?

या सगळ्यांतून मी मुलांसाठी पाच मुद्दे काढले.

१) मागितलेला भाव हाच भाव म्हणून सांगणे. "पाच हजारला लावलंय" आणि "पाच हजारला गेलं" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लावायला कुणीही काहीही लावतं.

२) एका विक्रीवरून सगळ्यांचा भाव ठरवणे. एक निर्दोष कार्ड लाखाला गेलं, म्हणून कोपरा दुमडलेलं तुमचं कार्ड लाखाचं होत नाही.

३) टंचाई तयार करणे. तेच चित्र, फक्त कडेचा रंग वेगळा, आणि मागे '५० पैकी ७' असा आकडा. असे दहा रंग काढले की प्रत्येक रंग 'दुर्मीळ', पण एकूण कार्डं भरपूर.

४) घाई लावणे. "आजच घे, उद्या मिळणार नाही." विचार करायला वेळ मिळू नये यासाठीच हे वाक्य असतं.

५) माल आधी भरून मग कौतुक करणे. आधी गुपचूप वीस कार्डं घ्यायची, मग व्हिडिओ करायचा, भाव चढला की विकून मोकळं व्हायचं.

आवडत्या खेळाडूचं कौतुक करणं हा काही गुन्हा नाही. पण कौतुक करणाऱ्याच्या खिशात काय आहे, हे तो सांगतो की लपवतो, यावर प्रामाणिकपणा ठरतो.

७. वर्गातला उपक्रम : खंड्याचा बाजार

साहित्य : कार्डशीटचे ४० तुकडे, कागदी गुण, फळा. वेळ : दोन तासिका. खरे पैसे किंवा मुलांच्या वस्तू अजिबात वापरू नका.

मुलांनीच चिमणी, साळुंकी, खंड्या, बुलबुल, कोकीळ, पोपट, वेडा राघू आणि घार अशा आठ पक्ष्यांची प्रत्येकी पाच कार्डं काढली. प्रत्येकाला एक कार्ड आणि ५० कागदी गुण दिले.

पहिली फेरी : दहा मिनिटं हवी ती देवघेव करायची. झालेला व्यवहारच फक्त फळ्यावर लिहायचा. बहुतेक कार्डं ८ ते १२ गुणांना गेली. खंड्या १० ला.

दुसरी फेरी : फेरीआधी ज्या पाच जणांकडे खंड्या होता, त्यांतल्या चौघांना मी बाजूला घेऊन सांगितलं, "खंड्याची फक्त दोनच कार्डं आहेत असं ऐकलंय, असं म्हणत फिरा." पाचव्याला काहीच सांगितलं नाही. पाच मिनिटांत खंड्या ४५ वर गेला. गंमत म्हणजे सगळ्यांत मोठ्याने खंड्याचं कौतुक करत होता तो पाचवाच! त्याला ते खरंच वाटत होतं.

तिसरी फेरी : मी फळ्यावर लिहिलं, 'प्रत्येक पक्ष्याची ५ कार्डं आहेत.' वर्ग एकदम गप्प झाला. मग हशा, मग आरडाओरडा. खंड्याला १० सुद्धा कुणी देईना.

त्यानंतर मी चौघांना काय सांगितलं होतं ते उघड केलं, सगळ्यांचे गुण परत केले आणि चर्चा घेतली. ४५ गुण देणाऱ्या मुलीला विचारलं, "तुला खरं वाटलं होतं का?"

ती म्हणाली, "नाही बाई, मला शंका आली होती. पण वाटलं, माझ्यानंतर कुणीतरी पन्नास देईल."

इतकी वर्षं शिकवते आहे, पण या उत्तराने मलाच शिकवलं. मी समजत होते, हवेला भोळी मुलं फसतात. तसं नाही. शंका आलेलाही फसतो, कारण त्याला वाटतं, आपल्यामागे आणखी एक जण रांगेत आहे. रांगेत शेवटचा कोण, हे रांगेत उभं असताना कुणालाच दिसत नाही.

८. वहीत लिहून घेण्याचे पाच प्रश्न

१) हा भाव कोण सांगतंय, आणि भाव चढला तर त्याचा काय फायदा?
२) हा मागितलेला भाव आहे की प्रत्यक्ष विकला गेलेला?
३) अशी कार्डं एकूण किती आहेत? कुणी मोजलीत?
४) आज घेतलं नाही तर नेमकं काय बिघडेल?
५) उद्या याची किंमत शून्य झाली, तरी मला हे जवळ ठेवायला आवडेल का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर खुशाल घ्यावं. तो छंद. 'नाही' असेल, तर तो छंद नाही, तो सट्टा. आणि सट्टा मुलांनी खेळू नये.

९. पालकांसाठी दोन शब्द

कार्डं जप्त करू नका, फाडू तर मुळीच नका. त्या पुठ्ठ्यामागे मुलाचा खेळाडू असतो, मैत्री असते. त्याऐवजी शेजारी बसून विचारा, "यातलं तुझं सगळ्यांत आवडतं कोणतं? का?" मग हळूच पहिला प्रश्न विचारा. आणि आरसाही बघा. "अमुक ठिकाणी प्लॉट घेऊन टाका, दोन वर्षांत दुप्पट" असं सांगणाऱ्याला आपण तरी विचारतो का, की तुमच्याकडे तिथे किती प्लॉट आहेत?

शेवटी

त्या दोन मुलांचं काय झालं? उपक्रमानंतर दुसऱ्याच दिवशी कार्ड देणारा मुलगा कंपासपेटी आणि दोनशे रुपये घेऊन आला. शंभर खर्च झाले होते, ते महिन्याभरात देतो म्हणाला, आणि दिलेही. मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं.

कार्ड घेणारा मुलगा मात्र थोडा वेळ घुटमळला. मग म्हणाला, "बाई, कार्ड परत करायलाच हवं का? मला तो खेळाडू आवडतो."

मी म्हटलं, "ते तुम्ही दोघं ठरवा. फक्त भाव फळ्यावर लिहा."

दोघांनी बराच वेळ घासाघीस केली. शेवटी फळ्यावर लिहिलं : 'एक कार्ड = दहा रुपये. दोघंही खूश.'

स्वाध्याय

१) मागितलेला भाव आणि विकला गेलेला भाव यांतला फरक तुमच्या गावच्या बाजारातलं उदाहरण देऊन लिहा.
२) वॅगनरच्या कार्डाची टंचाई आणि '५० पैकी ७' या कार्डाची टंचाई यांत काय फरक आहे?
३) १९८० च्या दशकात सगळ्यांनी कार्डं जपून ठेवली, म्हणूनच ती स्वस्त झाली. कारण स्पष्ट करा.
४) खंड्याच्या बाजारातला पाचवा मुलगा दोषी आहे का? तुमचं मत पाच-सहा ओळींत लिहा.

चौथ्या प्रश्नावर आमच्या वर्गात अजून एकमत झालेलं नाही. तुमच्या वर्गात मुलं काय म्हणतात, ते जरूर कळवा.